कपाटातून बोलतेय मरपाच्ची

ओळख करून देते. मी एक बाहुली. वीतभर उंचीची, लाकडी, लालसर तपकिरी रंगाची. माझ्या शेजारी उभे आहेत ते माझे 'हे'. आम्हा जोडप्याला तमिळमध्ये 'मरपाच्ची' म्हणतात. आम्ही रक्तचंदनाचे. हो हो, तेच 'पुष्पा' सिनेमातलं लाकूड! पण आम्हाला कुणी चोरून आणलेलं नाही. १९७६ साली आमच्या आज्जीच्या लग्नात तिच्या आईनं आम्हाला तिच्या ओटीत घातलं. इकडे मुलीला सासरी पाठवताना मरपाच्चीची जोडी द्यायची पद्धत आहे. तेव्हापासून आमचा मुक्काम पापनाशम्‌मध्ये, देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात.

पापनाशम् म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना तो कमल हासनचा सिनेमा आठवला असेल, 'दृश्यम्'ची तमिळ आवृत्ती. ते पापनाशम् तिरुनेलवेलीकडचं, धबधब्याचं. आमचं हे कावेरीच्या खोऱ्यातलं, तंजावर आणि कुंभकोणम्‌च्या मधलं. इथून कुंभकोणम् साधारण पंधरा किलोमीटर. चहूकडे भाताची खाचरं, केळीच्या बागा, आणि एकाच देवळात १०८ शिवलिंगं. जवळच तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं विटांचं भलंमोठं धान्याचं कोठार आहे. गावाचं पोट कशावर चालतं हे ते कोठार पाहिलं की कळतं.

आता तुम्ही विचाराल, तमिळ गावातली लाकडी बाहुली मराठी कशी काय बोलते?

त्याचं असं आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्याबरोबर कारकून आले, सैनिक आले, कीर्तनकार आले, आचारी आले. गादी १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा केली, पण माणसं कुठे जाणार? ती इथेच राहिली. बाहेर तमिळ आणि घरात मराठी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आमची आज्जी त्यांच्यातलीच. तिनं महाराष्ट्र एकदाच पाहिला, मुलाच्या लग्नात, तोही चार दिवस. पण ती आमच्याशी जे बोलते ते मराठीच.

आणि खरं सांगू? गेल्या वर्षभरात ती मराठी बोलली ती फक्त आमच्याशीच.

आज्जीचे मालक, म्हणजे आजोबा, शाळेत गणित शिकवायचे. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मुलगा बंगळुरूला नोकरीला. घरात आज्जी एकटी. सकाळी दूधवाल्याशी तमिळ, भांडी घासणाऱ्या बाईशी तमिळ, भाजीवालीशी तमिळ. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढून झाली की पितळी डबऱ्या-टंबलरमध्ये फिल्टर कॉफी घेऊन ती आमच्या कपाटासमोर बसते. मग आम्हाला सगळं सांगते. गुडघा कालपेक्षा जास्त दुखतोय. कालव्याला पाणी आलं. नारळ महाग झाला. आम्ही ऐकतो. आम्हाला उत्तर देता येत नाही, पण लाकूड ऐकून घेण्यात पटाईत असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नवरात्र.

तुमच्याकडे नवरात्रात घट बसतो. आमच्याकडे कोलू बसतो. अंदमानात कैद्यांना जुंपायचे तो कोलू नव्हे हं! तमिळमध्ये कोलू म्हणजे राजदरबार. काही जण गोलूही म्हणतात. घरात तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम पायऱ्या मांडायच्या आणि त्यांवर बाहुल्यांचा दरबार भरवायचा. सगळ्यात वर कलश आणि देव. त्याखाली दशावतार. मग साधुसंत. मग माणसांचं जग: लग्नाची वरात, वाजंत्री, पोट सुटलेला चेट्टियार वाणी आणि त्याची बायको, समोर वाट्यांतून खरेखुरे डाळ-तांदूळ. खाली जमिनीवर छोटीशी बाग, तळं, रस्ते. त्या बागेत हिरवळ दिसावी म्हणून आधीपासून मोहरी किंवा नाचणी पेरून ठेवतात. तुमच्या घटाभोवती धान्य उगवतं ना, अगदी तसंच.

या दरबारात सगळ्यात वरच्या पायरीचा मान आम्हा मरपाच्चींचा. बाकी बाहुल्या कितीही चकचकीत असोत, आमच्याशिवाय कोलू नाही. थोडा गर्व आहे मला त्याचा, लपवत नाही.

पण २०२४ ला कोलू बसलाच नाही. घरातलं माणूस गेल्यावर वर्षभर सण नाही. बाकीच्या बाहुल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांतच राहिल्या. त्या नऊ संध्याकाळी आज्जी दिवा लावून आमच्यासमोर बसायची. शेजारच्या घरातून गाण्याचे आवाज यायचे. तिसऱ्या दिवशी तिनं खिडकी लावून घेतली.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, जुलैत वर्षश्राद्ध झालं. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आज्जी फोन नेमका आमच्या कपाटाला टेकवून ठेवते, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येतं.

"अम्मा, कोलूचं काही काढू नकोस यंदा. माळ्यावर कोण चढणार? पडलीबिडलीस तर?"

"बघू," आज्जी म्हणाली.

"आणि घराचंही एकदा ठरवू या. किती दिवस एकटी राहणार तू? बाहुल्या देऊन टाकू एखाद्या देवळात. ते लोक दरवर्षी नीट मांडतील तरी."

आज्जी काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माळ्याकडे बघत होती. पेट्या आठ आहेत. तिनं त्या बोटांवर मोजल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कुठं पाठवू?"

माझे 'हे' एरवीही बोलत नाहीत. त्या रात्री मलाही काही सुचलं नाही.

मुलगा चुकीचं बोलत होता असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री आज्जीला काही झालं तर शेजारी येईपर्यंत किती वेळ जाईल, हा हिशोब आम्हीही कपाटात उभ्याउभ्या करतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हाच फोन झाला असेल, फक्त गावाचं नाव वेगळं असेल.

मग सप्टेंबरच्या मध्याला दुसरा फोन आला, सुनेचा. सूनबाई कोल्हापूरच्या. "आई, कर्नाटकात शाळांना दसऱ्याची सुट्टी लागतेय. मी आणि पिल्लू येतोय. माळ्यावर मी चढते, तुम्ही फक्त सांगा कुठलं काय ते."

त्या दिवशी आज्जीनं संध्याकाळी दुसऱ्यांदा कॉफी केली. तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते आम्हालाच माहीत!

दोघी शनिवारी, २० सप्टेंबरला सकाळी तंजावरला उतरून घरी पोचल्या. पिल्लू म्हणजे आमच्या आज्जीची नात, नऊ वर्षांची. आल्या आल्या कपाटाला नाक लावून तिनं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज्जी, यांना कपडे का नाहीत?"

"कोलूला घालायचे. ते जन्नल उघड आधी, उजेड येऊ दे."

"जन्नल म्हणजे?"

"अगं, जन्नल!" आज्जीनं खिडकीकडे बोट दाखवलं.

पिल्लू हसत सुटली. "त्याला खिडकी म्हणतात! जन्नल मराठी नाहीये!"

आज्जीचा चेहरा जरासा उतरला. आपली मराठी नातीला मराठी वाटत नाही, हे तिला लागलं असावं. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की बाळा, जन्नल हा तमिळ शब्द, पण तोही तमिळमध्ये पोर्तुगिजांकडून आलाय. आणि तू ज्या चावीनं सायकलचं कुलूप उघडतेस ती चावी, हा मराठीतला शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलाय. शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरचे होऊन राहतात. आज्जीच्या घरात साडेतीनशे वर्षांत थोडे तमिळ पाहुणे राहिले, इतकंच.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. बाहुल्या अमावास्येलाच मांडायच्या असतात. सूनबाई पदर खोचून माळ्यावर चढल्या. एकेक पेटी खाली आली. प्रत्येकीवर आजोबांच्या अक्षरात, तमिळमध्ये, आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवलेली. बाहुल्या जुन्या सुती कपड्यांत आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. पिल्लू कागद सोडवत होती आणि आज्जी नाव सांगत होती: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह...

पाचवी पेटी उघडली आणि सगळ्या गप्प झाल्या. दोन वर्षं बंद राहून त्या पेटीत ओल शिरली होती. वाजंत्र्यांचे रंग उडाले होते. वामनाची छत्री तुटली होती. वरातीतल्या घोड्याचा एक पाय हातात आला. माती आणि कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या त्या, त्यांना दरवर्षी हात लागावा लागतो. वारा लागावा लागतो. तो लागला नाही.

आज्जी खाली बसली. "मी एकदा तरी काढून पुसायला हव्या होत्या," ती म्हणाली. एवढंच.

पिल्लूनं घोडा उलटासुलटा करून पाहिला. "फेविकॉल आहे का?"

दुपारभर दुरुस्ती चालली. घोड्याच्या पायाला फेविकॉल आणि वर कापडाची पट्टी, त्यामुळे तो लढाईतून परतल्यासारखा दिसायला लागला. वामनाला काडीपेटीच्या काडीची आणि रंगीत कागदाची नवी छत्री मिळाली. वाजंत्र्यांना पिल्लूनं तिच्या रंगपेटीतून रंगवलं. एकाचं धोतर जांभळं झालं. माझ्या पाहण्यात जांभळ्या धोतराचा सनईवाला हा पहिलाच.

एक तंजावरची डोलणारी बाहुली मात्र ठणठणीत होती. तिला तमिळमध्ये 'तलैयाट्टि बोम्मै' म्हणतात. तिचं डोकं, धड आणि घागरा वेगवेगळे, एकावर एक टेकवलेले. वाऱ्यानंही मान डोलते. दुसरा प्रकार गोल बुडाच्या राजा-राणीचा. बूड जड असतं, म्हणून कितीही आडवं पाडा, पुन्हा उभे. या तंजावरी बाहुल्यांना २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पिल्लूनं राजाला वीस वेळा पाडलं. एकविसाव्या वेळी आज्जीनंही पाडलं आणि हसली.

मग पायऱ्या. आमच्याकडे लोखंडी घडीच्या पायऱ्या नाहीत. बाकं, पेट्या, तांदळाचे डबे एकावर एक रचायचे आणि वर पांढरी वेष्टी अंथरायची. दरवर्षी आजोबांची धुतलेली वेष्टी असायची. सूनबाईंनी विचारलं, "आई, चादर घालू?"

आज्जी उठली. कपाटातून आजोबांच्या दोन वेष्ट्या काढून आणल्या. वर्षभर तिनं त्या कुणाला दिल्या नव्हत्या. स्वतःच्या हातानं तिनं त्या सातही पायऱ्यांवर अंथरल्या, एकही सुरकुती न ठेवता. गणिताच्या मास्तरांना वेडीवाकडी घडी चालायची नाही.

दरवर्षी कोलूत निदान एक तरी नवी बाहुली यावी लागते. बाजारात जायला वेळ नव्हता. तेव्हा सूनबाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं. आत मातीचे मावळे! हातात ढाल-तलवार, एक तोफ, आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. कोल्हापूरला माहेरच्या माळ्यावरचे, त्यांच्या लहानपणीच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे.

"आमच्याकडे दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात, आई. त्यावर यांना बसवतात. आणि चैत्रात माझी आजी गौर मांडायची, अशाच पायऱ्या, अशीच खेळणी. हळदीकुंकवाला बायका आल्या की भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची."

"हरभरे?" आज्जी म्हणाली. "आमच्याकडे पण हरभरेच!"

खरंच की! कोलू बघायला येणाऱ्या बायका-मुलांना आम्ही सुंडल देतो: उकडलेले हरभरे, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि ओलं खोबरं. नऊ दिवस नऊ तऱ्हा. कधी काबुली चणे, कधी मूग, कधी चवळी, कधी वाटाणे. बरोबर विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू. एक घर कोल्हापूरचं आणि एक पापनाशम्‌चं, मध्ये एवढा मुलूख, आणि दोन्हीकडे बायकांच्या हातावर तेच हरभरे.

महाराजांना कुठे बसवायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी आज्जीनं त्यांना दुसऱ्या पायरीवर, तंजावरच्या राजा-राणीशेजारी बसवलं. इतिहासात १६७७ साली महाराज आणि व्यंकोजीराजे कोळ्ळिडम् नदीकाठी तिरुमळवाडीला भेटले होते. वाटणीवरून ती भेट काही गोड झाली नव्हती. आमच्या कोलूवर मात्र नऊ दिवस दोन्ही बाजू शेजारी बसल्या आणि एकदाही भांडल्या नाहीत.

आम्हाला नवे कपडे मिळाले. मला पिल्लूच्या आईच्या जुन्या इरकलीच्या काठाचं लुगडं, आणि 'ह्यां'ना आजोबांच्या वेष्टीच्या कडेचा तुकडा. तो आज्जीनंच कापला.

रोज संध्याकाळी लोक यायचे. शेजारच्या मुली गाणी म्हणायच्या. कुणी विचारलं, "हे ढाल-तलवारवाले कोण?" की पिल्लू तमिळ-कन्नड-मराठीची खिचडी करून सांगायची. आज्जी मध्येच शब्द पुरवायची. चौथ्या दिवशी मी ऐकलं, पिल्लू आईला म्हणत होती, "आई, जन्नल लाव ना, पाऊस येतोय." सूनबाई हसल्या. आज्जीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी सुंडलात खोबरं जरा जास्तच पडलं.

सातव्या दिवशी मुलगाही आला. दारातून आत आल्यावर तो कोलूसमोर नुसता उभा राहिला. त्याची नजर वेष्टीवर होती. मग त्यानं खाली वाकून जांभळ्या धोतराचा सनईवाला उचलला आणि विचारलं, "याला काय झालं?" सगळ्या एकदम हसल्या. तोही हसला. पण त्याचे डोळे मी वरच्या पायरीवरून पाहिले.

१ ऑक्टोबरला सरस्वतीपूजेला पुस्तकं ठेवली. आजोबांचं गणिताचं जुनं पुस्तकही. २ तारखेला विजयादशमी. त्या रात्री आरती झाली की दरबार उठतो, आणि आमच्या घरी मरपाच्चींना आडवं झोपवतात. तेवढं केलं की कोलू संपला.

आम्हाला झोपवायला पिल्लूला उचलून वर धरलं होतं. तिनं मला हातात घेतलं आणि विचारलं, "आज्जी, या मग कुणाच्या होणार?"

"आमच्यात मुलीला लग्नात देतात. मला मुलगी नाही. तुझ्या लग्नात तुला देईन."

"आणि मी लग्नच नाही केलं तर?"

मुलगा म्हणाला, "अगं, काय बोलतेस!" सूनबाईंनी डोळे वटारले. आज्जी मात्र विचारात पडली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग ती म्हणाली, "तरी पण तुझ्याच."

लाकडाला झोप लागत नाही. त्या रात्री आडवं पडून मी ऐकत होते. बाहेर पडवीत आज्जी आणि मुलगा बोलत होते. घराचा विषय निघाला. या वेळी आज्जी गप्प बसली नाही. म्हणाली, "घर आत्ता विकायचं नाही. पोंगल झाला की दोन-तीन महिने तुमच्याकडे येते. पावसाच्या आधी परत. कोलूला तुम्ही सगळ्यांनी इथे यायचं. जमेल तोवर असं करू. नाही जमलं तर पुढचं पुढे."

मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "बरं. पण रात्री सोबतीला कुणीतरी बाई ठेवायची."

"ठेव. पण सुंडल मीच करणार."

सगळे प्रश्न सुटले असं नाही. गुडघा आहेच. पुढच्या वर्षी सुट्टी जुळेल की नाही, कुणी सांगावं? पण ऑगस्टमध्ये एकट्या मुलानं ठरवलेलं होतं ते ऑक्टोबरमध्ये दोघांनी मिळून ठरवलं. आमच्यासारख्या आडव्या पडलेल्यांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाहुल्या परत पेट्यांत गेल्या. या वेळी प्रत्येक पेटीत कापराच्या वड्या टाकल्या. आजोबांच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. त्यांच्या शेजारी पिल्लूनं देवनागरीत नव्या चिकटवल्या, आज्जी सांगेल ते शब्द आज्जी सांगेल तसे लिहून. 'वाजंत्री (एक जांभळा)'. 'घोडा, पाय सांभाळा'. आणि आठव्या पेटीवर, 'मावळे, कोल्हापूर'.

आता आम्ही पुन्हा कपाटात उभे आहोत. समोर आज्जी कॉफी घेऊन बसते. फरक एवढाच की आता सात वाजता फोन वाजतो आणि पिल्लू शाळेत जायच्या आधी पाच मिनिटं आज्जीशी बोलते, मराठीतून. कुठला शब्द कुठल्या गावचा, यावर रोज एक भांडण ठरलेलं. आज्जी आमच्याशी बोलायची थोडी कमी झालीय. मला त्याचं वाईट वाटत नाही. पोंगलनंतर आम्हालाही तिच्या पिशवीतून बंगळुरूला जायचंय, 'ह्यां'नी तर आत्तापासून तयारी केलीय, म्हणजे नेहमीसारखे गप्प उभे आहेत.

जाता जाता एक सांगते. तुमच्याही माळ्यावर एखादं खोकं असेल. किल्ल्यावरचे मावळे, गौरीची खेळणी, भातुकली, काहीही. या रविवारी ते खाली उतरवा, पुसा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून विचारा की हे कुणाचं, कुठून आलं. ती व्यक्ती जे नाव सांगेल ते तसंच चिठ्ठीवर लिहा. एखादा शब्द चुकीचा वाटला तरी खोडू नका.

तुमची,
मरपाच्ची
(आणि 'हे')